जुन्या एमजीबीचा डॅशबोर्ड पुन्हा बसवताना : मीटर आणि पॅनेल दुरुस्त करून देणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन करताना इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन ही कामे हौशी माणूसही चांगले मॅन्युअल आणि चिकाटी यांच्या बळावर पार पाडू शकतो. डॅशबोर्डचे तसे नाही. तापमान मीटरची केसासारखी बारीक नळी पुन्हा भरणे, तबकडीवरची अक्षरे मूळ जाडीची छापणे, उष्णतेने सुकवायचा रंग पत्र्यावर एकसारखा उठवणे या गोष्टींना वेगळी साधने आणि वेगळा हात लागतो. म्हणून माझ्या १९६९ सालच्या एमजीबी रोडस्टरचे, म्हणजे दोन आसनांच्या उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे, पत्र्याचे पॅनेल आणि त्यातले सगळे मीटर मी अशा कामात मुरलेल्या एका कार्यशाळेकडे कुरिअरने पाठवले. काम होऊन आले, डॅशबोर्ड गाडीत बसला, आणि गाडी पुरेशी चालवून झाल्यावरच हे परीक्षण लिहीत आहे. पुढे काही तक्रारी आहेत, त्यामुळे कार्यशाळेचे नाव देत नाही.

आधीच सांगतो, मीटरचे काम उत्कृष्ट आहे. पॅनेलचे काम दिसायला उत्कृष्ट आहे, पण ते पॅनेल पुढे कोणीतरी गाडीत बसवणार आहे, त्याच्या पाठीला वायरी आणि अर्थिंग जोडले जाणार आहे, याचा विचार रंगवणाऱ्याने केलेला नाही. टेबलावर ठेवून काढलेल्या फोटोंत हा फरक दिसत नाही. तो दिसतो फायरवॉलखाली, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीखाली, पाठीवर झोपून, डोक्यावर टॉर्च धरून नट शोधताना.

गाडीविषयी थोडक्यात. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली. अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांना १९६८च्या मॉडेलपासून सुरक्षेच्या नियमांमुळे फोम भरलेला जाडजूड डॅशबोर्ड आला. इतर देशांसाठीच्या गाड्यांत काळ्या सुरकुत्यांच्या रंगाचा, साधा दाबून आकार दिलेला पत्रा आणखी काही वर्षे तसाच राहिला. माझी गाडी या दुसऱ्या प्रकारची आहे. मीटर स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचे, वायरिंग लुकास या ब्रिटिश कंपनीच्या रंगसंकेताचे, आणि अर्थिंग निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले. याआधीच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, आणि डॅशबोर्डच्या कामात हा तपशील फार महत्त्वाचा ठरतो. कार्यशाळेने सामान हातात पडताच पहिला प्रश्न तोच विचारला. दुसरा प्रश्न मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर आणि टायरचे माप यांविषयी होता. हे दोन प्रश्न न विचारता जो मीटर उघडतो, त्याच्याकडे सामान पाठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

अ‍ॅक्सलचा आणि टायरचा प्रश्न स्पीडोमीटरसाठी असतो. या मीटरमध्ये केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाभोवतीची अ‍ॅल्युमिनियमची वाटी त्याच्या ओढीने वळू पाहते, आणि तिला रोखणारी बारीक स्प्रिंग काट्याची जागा ठरवते. दर मैलाला केबलचे किती फेरे होतात यावर मीटरची जुळणी अवलंबून असते, आणि तो आकडा बहुतेक वेळा तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला असतो. गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल किंवा टायर बदललेले असले, तर मीटर कितीही स्वच्छ केला तरी तो चुकीचाच वेग दाखवणार. माझ्या गाडीत अ‍ॅक्सल मूळचाच, म्हणजे ३.९०९ गुणोत्तराचा आहे. तरीही त्यांनी चुंबकाची ताकद आणि स्प्रिंगचा ताण तपासून जुळणी नव्याने केली. आता मोबाइलवरच्या जीपीएसच्या वेगाशी मीटर जवळजवळ तंतोतंत जुळतो. ओडोमीटरचा, म्हणजे गाडी एकूण किती चालली त्याचा, आकडा न सांगताही जसाच्या तसा ठेवला होता, ही सचोटी मला विशेष वाटते. आतला भाग उघडल्यावर तो आकडा शून्यावर आणणे अगदी सोपे असते आणि काही लोक तसे करून घेतातही; गाडीच्या इतिहासाचा एवढा साधा पुरावा पुसून टाकण्यात काय मिळते हे मला कळलेले नाही.

टॅकोमीटर, म्हणजे इंजिनचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा मीटर, हा या संचातला सर्वांत नाजूक भाग. या काळातल्या स्मिथ्सच्या टॅकोमीटरला आजच्यासारखी कॉइलच्या टर्मिनलवरून वेगळी सिग्नल वायर येत नाही. इग्निशन कॉइलला वीज पुरवणारी पांढरी वायरच मीटरच्या पाठीशी वेटोळे घेऊन जाते, आणि पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणारे-जोडणारे संपर्क, उघडताना-मिटताना तिच्यातला प्रवाह तुटतो-जुळतो तेवढे ठोके मीटर मोजतो. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ३००० फेऱ्यांना सेकंदाला १०० ठोके पडतात. पन्नास वर्षांत आतले कपॅसिटर आणि रेझिस्टर आपली मूल्ये सोडतात आणि मीटर शेकडो फेऱ्यांनी खोटे बोलू लागतो. कार्यशाळेने आतला सर्किट बोर्ड मूळ पद्धतीचाच ठेवून जुने भाग बदलले. नवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसवण्याचा पर्यायही दिला होता, तो मी नाकारला, कारण माझ्या गाडीत अजून पॉइंटच आहेत. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेल्यांनी मात्र नवा बोर्ड घ्यावा. या जुन्या टॅकोमीटरचे आणि त्या इग्निशनचे नेहमी जमतेच असे नाही. परत बसवताना एकच काळजी घ्यावी लागते: वेटोळ्याची दिशा उलटी झाली तर काटा हलत नाही. त्यांनी कोणत्या बाजूने वायर आत जाते आणि कोणत्या बाजूने बाहेर येते हे दाखवणारी छोटी कागदी पट्टी मीटरच्या पाठीला बांधून पाठवली होती. अशा एका पट्टीने बसवणाऱ्याची अख्खी संध्याकाळ वाचते.

तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान दाखवणारा जोडमीटर पाहून तर मी खरोखर थक्क झालो. तापमानाच्या बाजूला वीज लागतच नाही. इंजिनच्या हेडमध्ये बसणारा तांब्या-पितळेचा फुगा, त्याच्यापासून मीटरपर्यंत येणारी अखंड केशनळी, आणि मीटरमध्ये अर्धवर्तुळाकार वळवलेली पोकळ नळी, अशी ही बंद व्यवस्था असते आणि तिच्यात ईथर असते. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळते, त्यामुळे इंजिन तापू लागताच त्याच्या वाफेचा दाब वाढतो, वळलेली नळी किंचित सरळ होते आणि काटा सरकतो. केशनळीला एकच चिमटा बसला किंवा ती फुग्याच्या मुळाशी तुटली की सगळा ईथर निघून जातो आणि मीटर मेला. माझा मीटर असाच मेलेला होता. नवी केशनळी डाग देऊन, नव्याने ईथर भरून त्यांनी तो जिवंत केला, आणि परत पाठवताना नळीची मोठी सैल गुंडाळी पुठ्ठ्याच्या तबकावर ठिकठिकाणी दोऱ्याने बांधली होती, फुग्याला वेगळे वेष्टन घातले होते. बसवण्याआधी मी फुगा गरम पाण्यात धरला. काटा सावकाश, कुठेही न अडकता वर चढला आणि पाणी निवताना तितक्याच शांतपणे उतरला. मात्र घरी हा ईथर भरण्याचा प्रयत्न कोणी करू नये. त्याची वाफ ठिणगीने क्षणात पेटते.

पेट्रोलच्या मीटरची गोष्ट वेगळी आहे. त्यात दोन धातूंची जोडपट्टी असते, तिच्याभोवतीच्या तारेतून प्रवाह गेला की ती तापून वाकते आणि काटा हळूहळू जागेवर येतो. म्हणून चावी फिरवल्यावर या गाड्यांचा पेट्रोलचा काटा लगेच उडी मारत नाही. बॅटरीचा व्होल्टेज वर-खाली झाल्याने वाचन बदलू नये यासाठी मीटरला १० व्होल्ट देणारा स्टॅबिलायझर डॅशबोर्डच्या मागे असतो. मूळ स्टॅबिलायझरही तापणाऱ्या पट्टीवरच चालतो. तो वीज सतत जोडतो-तोडतो आणि सरासरी १० व्होल्टची साधतो. त्यामुळे त्याचे टर्मिनल वर येतील असा तो उभा बसवावा लागतो आणि त्याच्या डबीला पक्के अर्थिंग असावे लागते. अर्थिंग तुटले की पट्टी तापत नाही, पूर्ण १२ व्होल्ट पुढे जातात, आणि अर्ध्या टाकीला मीटर भरलेली टाकी दाखवतो. कार्यशाळेने माझ्या संमतीने जुन्या डबीतच इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवून दिले. बाहेरून काही कळत नाही आणि आता १० व्होल्ट स्थिर मिळतात. हे सर्किट निगेटिव्ह अर्थसाठी वेगळे आणि पॉझिटिव्ह अर्थसाठी वेगळे असते. पहिल्याच दिवशी विचारलेल्या प्रश्नाचे कारण इथे आहे. सोबतच्या कागदावर टाकीतल्या सेंडरचा, म्हणजे पेट्रोलची पातळी मीटरला कळवणाऱ्या भागाचा, रोध रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओम आणि भरलेल्या टाकीला २० ते ३० ओम धरून मीटर कुठे वाचन देतो याची नोंद होती. माझ्या सेंडरची मोजणी मी मल्टिमीटरने करून ताडून पाहिली आणि जुळली.

आता पॅनेल. सुरकुत्यांच्या रंगात वरचा थर खालच्यापेक्षा लवकर सुकतो आणि पृष्ठभागावर बारीक वळ्या उठतात. थर किती जाड दिला आणि उष्णता किती व कशी दिली यावर त्या वळ्या बारीक येतील की भरड, हे ठरते. चुकलेला भाग नंतर नुसता तेवढाच रंगवून दुरुस्त करता येत नाही, सगळे पॅनेल पुन्हा उघडे करावे लागते. माझ्या पॅनेलवरची वळ्यांची नक्षी मूळ रंगाच्या अगदी जवळची आहे. मीटरच्या छिद्रांभोवती, ग्लोव्हबॉक्सच्या कडेला, वाकणीच्या आत, कुठेही ती गुळगुळीत पडलेली नाही. एका मागच्या मालकाने रेडिओसाठी कापलेला भाग त्यांनी नवा पत्रा वेल्ड करून भरला आहे आणि उजेड तिरपा पाडूनही तो जोड सापडत नाही. इथपर्यंत पूर्ण गुण.

अडचण मागच्या बाजूला आहे. हा रंग जाड असतो, आणि त्यांनी पॅनेलची पाठही त्याच रंगाने भरून काढली. स्टडच्या, म्हणजे नट लावायच्या खिळ्यांच्या, आट्यांत रंग, स्विचच्या छिद्रांच्या आतल्या कडेला रंग, आणि सर्वांत वाईट म्हणजे मीटरचे ब्रॅकेट जिथे टेकतात त्या जागांवरही रंग. स्मिथ्सचे मीटर समोरून छिद्रात घालतात आणि मागून यू-आकाराच्या ब्रॅकेटने, बोटांनी फिरवायच्या नटांनी ओढून धरतात. मीटरमधले २.२ वॉटचे छोटे बल्ब मीटरच्या डबीतूनच अर्थिंग घेतात. डबीचे अर्थिंग ब्रॅकेटच्या नटाखालच्या काळ्या वायरीवर आणि पॅनेलच्या धातूच्या स्पर्शावर अवलंबून असते. पॅनेल बसवण्याआधी मी ते कार्डबोर्डवर ठेवून, हार्नेस (वायरींचा जुडगा) जोडून, बॅटरीवर दिवे लावून पाहिले, तेव्हा स्पीडोमीटर उजळला आणि शेजारचा जोडमीटर काजव्याइतका मिणमिणला. मल्टिमीटरचे एक टोक मीटरच्या डबीला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावले तर तिथे शून्याच्या जागी चांगलाच व्होल्टेज दिसत होता, म्हणजे वीज परतीची वाट शोधत होती. ब्रॅकेटच्या पायांखालचा रंग खरवडून उघडा धातू केला, दातेरी वॉशर घातले, दोन मीटरमध्ये एक जास्तीची काळी वायर ओढली, आणि दिवे सारखे उजळले. हे काम मोठे नाही. पण जी कार्यशाळा टॅकोमीटरच्या वेटोळ्याची दिशा पट्टीवर लिहून देते, तिने या अर्धा इंच जागा टेपने झाकून रंगवायला हव्या होत्या. मी कळवल्यावर त्यांनी ते मान्य केले आणि पुढच्या कामात झाकू असे सांगितले.

दुसरी तक्रार सुट्या भागांविषयी. ट्रिपमीटर, म्हणजे एका प्रवासाचे अंतर मोजणारा आकडा, शून्यावर आणण्याची लवचीक दांडी डॅशबोर्डखाली ज्या छोट्या ब्रॅकेटला अडकते, तिथला नट परत आला नाही, आणि एका मीटरच्या ब्रॅकेटचा एक नटही नव्हता. जुन्या ब्रिटिश मीटरांवर ब्रिटिश असोसिएशनचे, म्हणजे बीए आटे असतात. जवळच्या मापाचा मेट्रिक नट एखादा वेढा चढल्यासारखा वाटतो आणि मग आटे खातो, त्यामुळे हाताशी असेल तो नट लावून भागत नाही. पाठवताना प्रत्येक नट-वॉशर पिशवीत घालून, त्यांची यादी करून, यादीचा फोटो कार्यशाळेला आधी द्यावा. त्यांच्या पोचपावतीवर फक्त मीटरांची संख्या होती, ही त्यांच्या पद्धतीतली उणीव आहे.

बसवण्याच्या क्रमाबद्दल कार्यशाळेने एक पानभर सूचना दिल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक पटण्यासारख्या आहेत. बॅटरी सोडून ठेवणे ही पहिली, आणि ती या गाडीत नुसती औपचारिक नाही: लुकासच्या रंगसंकेतात तपकिरी वायरींना फ्यूज नसतो, त्या बॅटरीवरून थेट चावीच्या आणि दिव्यांच्या स्विचपर्यंत येतात, आणि डॅशबोर्डमागे हात घालताना घड्याळाचा पट्टा किंवा पाना एकदा त्यांना भिडला तर हार्नेस जळतो. माझ्या गाडीत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या आहेत. एकीची अर्थिंगची वायर सोडली की पुरते. त्यानंतर हार्नेस, काच गरम करणाऱ्या हवेचे पाइप, वायपरचा दांडा आणि गिअर हे सारे पॅनेलच्या आधी जागेवर पक्के करायचे, कारण नंतर तिथे हात पोचत नाही.

एका सूचनेशी मात्र मी सहमत नाही. सगळे मीटर आणि स्विच पॅनेलमध्ये बसवून, वायरी जोडून, मग ते उचलून गाडीत लावावे असे त्यांचे म्हणणे आहे. मोकळ्या जागेत वायरी जोडणे सोपे जाते हे खरे. पण पॅनेलच्या वरच्या कडेचे नट खालून, डोळ्यांआड, दोन बोटांनी लावावे लागतात, आणि स्पीडोमीटर व टॅकोमीटर आधीच बसलेले असले तर ती दोन बोटेही आत जात नाहीत. मी पॅनेल मोकळेच लावले, दोन मोठ्या मीटरांच्या छिद्रांतून हात घालून वरचे नट आधी सगळे नुसते धरवले, खालचे स्क्रू लावून पॅनेल सरळ केले आणि मगच वरचे आवळले. केशनळीचा फुगा जोडमीटरच्या छिद्रातून आत सोडून फायरवॉलच्या ग्रोमेटमधून, म्हणजे छिद्रातल्या रबरी कड्यातून, इंजिनकडे काढला, आणि इंजिनचा हादरा नळीवर येऊ नये म्हणून तिथे तिचे दोन-तीन सैल वेढे ठेवले. मोठे मीटर सर्वांत शेवटी समोरून आले. स्पीडोमीटरच्या केबलचे वळण १५ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आवळ होऊ दिले नाही आणि आतल्या तारेचा वरचा काही सेंटिमीटर भाग ग्रीसविना ठेवला, कारण फिरणारी तार ग्रीस वर चढवते आणि ते थेट मीटरच्या वाटीत जाते. दुरुस्त केलेला मीटर पुन्हा बिघडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे आणि कार्यशाळेच्या सूचनापत्रात त्याचा उल्लेख नाही. तो असायला हवा.

ज्यांची गाडी फोमच्या डॅशबोर्डची आहे, त्यांच्यासाठी पॅनेलविषयीचा माझा अनुभव उपयोगाचा नाही; फोम आणि व्हिनाइलचे काम पूर्णपणे वेगळे असते आणि ते या कार्यशाळेकडून मी करून घेतलेले नाही. पत्र्याचा डॅशबोर्ड असलेल्यांनी मीटर त्यांच्याकडे निःशंक पाठवावेत. पॅनेलही पाठवावे, पण सोबत पाठीच्या बाजूचा फोटो द्यावा, ब्रॅकेट टेकण्याच्या जागा आणि अर्थिंगचे स्टड त्यावर लाल रंगाने खुणावेत, आणि तिथे रंग नको असे लेखी कळवावे. मीटरच्या दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा रिओस्टॅट त्यांच्या सेवेत येत नाही, तो वेगळा तपासून घ्यावा लागतो. माझा साफ केल्यावर चालू लागला, म्हणून बदललेला नाही.